ओरादूर गावचा हजेरीपट

मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहे. शाळा सुटून आता काही वर्षे लोटली, तरी सकाळी अकराचे ठोके पडले म्हणजे हात अद्यापही नकळत हजेरीपट शोधू लागतो. चौतीस वर्षे मी रोज मुलांची नावे पुकारली. आरंभी ते काम मला मोठे कंटाळवाणे वाटे. तेवढ्या वेळात एखादे उदाहरण सोडवून होईल, असे मनात येई. एके दिवशी मी वर्गावरून नजर फिरविली, डोकी मोजली आणि पटावर आकडा मांडून मोकळा झालो. तास संपल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, आज आपण माझे नाव घेतले नाही." मी म्हणालो, "अरे, तुला मोजले आहे." तो म्हणाला, "मोजलेत, पण नाव कुठे घेतलेत?" त्या दिवसापासून मी डोकी मोजण्याचे सोडून दिले. आज ज्या गावाविषयी मी बोलणार आहे, त्याची हकीकत वाचताना त्या मुलाचे शब्द मला पुनःपुन्हा आठवत होते.

विषय आहे युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावाच्या स्मारकाचा. अशा गावाचे स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादी शिळा उभी राहते. तीवर दिनांक असावा, मृतांचा आकडा असावा, आणि वर्षातून एकदा कोणी येऊन फुले वाहावीत, एवढीच आपली कल्पना असते. परंतु त्या शिळेवर नेमके काय लिहावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. किती मेले हे लिहावे, की कोण मेले हे लिहावे? कोणी मारले हेही लिहावे काय? आणि लिहिलेले पुढे अपुरे ठरले, तर काय करावे? फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान या गावाला गेल्या ऐंशी वर्षांत यांपैकी प्रत्येक प्रश्नाला तोंड द्यावे लागले आहे.

लिमोझ शहरापासून सुमारे २२ किलोमीटरवर, ग्लान नावाच्या लहानशा नदीच्या काठी हे गाव वसले होते. लिमोझहून तेथपर्यंत ट्रामगाडी येत असे. सुटीच्या दिवशी शहरातील हौशी माणसे गळ घेऊन मासे धरावयास येत. गावात खाणावळी होत्या, पावभट्टी होती, न्हावी, लोहार, शिंपी, सुतार होते, आणि शाळा होत्या. युद्धामुळे वस्तीत भर पडली होती. लोरेन प्रांतातून जर्मनांनी हाकलून दिलेली कुटुंबे तेथे राहत होती. त्यांच्या मुलांसाठी शाळेचा निराळा वर्गही होता. स्पेनमधील यादवी युद्धातून परागंदा झालेली माणसे होती, जीव मुठीत धरून आलेले काही ज्यू लोकही होते. गावात कधी लढाई झाली नव्हती. निर्वासितांना ते गाव सुरक्षित वाटले होते.

शनिवार, दिनांक १० जून १९४४. दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून चार दिवस झाले होते. जर्मनांच्या 'दास राइश' या एस. एस. सैन्यविभागातील एका तुकडीने दुपारी या गावाला वेढा घातला. ओळखपत्रे तपासावयाची आहेत, असे सांगून सर्वांना बाजाराच्या मैदानात गोळा करण्यात आले. शाळांतील मुलांनाही तेथे आणले. मग पुरुषांना वेगळे काढून सहा ठिकाणी, गवताच्या कोठारांतून व मोटारखान्यांतून, कोंडले; त्यांजवर गोळ्या झाडल्या आणि वर आग लावली. स्त्रिया व मुले यांना चर्चमध्ये नेऊन तेथेही स्फोट, गोळीबार व आग असाच क्रम झाला. त्या चर्चमधून एकटी मार्गरीत रुफांश नावाची ४७ वर्षांची स्त्री वाचली. वेदीमागील खिडकीतून तिने उडी घेतली, आणि गोळ्यांनी घायाळ झालेल्या स्थितीत दुसऱ्या दिवसापर्यंत ती मटारच्या वाफ्यांत पडून राहिली. तिचा पती, मुलगा, दोन मुली व तान्हा नातू त्या दिवशी मारले गेले होते. एका कोठारातून पाच पुरुष निसटले. आणि शाळेतील मुलांपैकी एकच मूल वाचले. त्याचे नाव रॉजे गोदफ्रँ. वय आठ वर्षांच्या आत. लोरेनहून आलेल्या निर्वासितांचा तो मुलगा. जर्मन आले तर पळून जा, असे घरी बजावलेले त्याच्या ध्यानात होते. शिपाई दिसताच तो शाळेतून पळाला. गोळी झाडली गेली तेव्हा तो मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला.

येथे मी क्षणभर थांबतो. त्या शाळांतील शिक्षकांनी त्या दुपारी काय केले असेल, ते मी मनाशी पाहू शकतो. मुलांना रांगेत उभे केले असेल, गलका करू नका म्हणून दटावले असेल, लहानांचा हात मोठ्यांच्या हाती दिला असेल. मीही तेच केले असते. शिस्तीने चाललेली मुले गेली आणि शिस्त मोडून पळालेले एक पोर वाचले. जन्मभर शिस्त शिकविलेल्या माणसाला हा विचार फार जड जातो. त्या शिक्षकांकडून कसूर झाली असे मला यत्किंचितही म्हणावयाचे नाही. मुलांवर विश्वासाने ज्या हातांची सत्ता चालते, त्याच हातांचा दुष्टांना किती सहज उपयोग करून घेता येतो, एवढेच मी सांगत आहे.

मृतांची संख्या ६४२ ठरविण्यात आली. त्यांत दोनशेहून अधिक मुले होती. परंतु या ६४२ पैकी ओळख पटलेली प्रेते होती केवळ ५२. आगीने जे राहिले होते, त्याची ओळख पटू नये म्हणून पुढील दोन दिवसांत शिपायांनी परत येऊन विल्हेवाट लावली होती. माणूस मारणे हा एक अपराध. तो कोण होता हे कळू न देणे, हा त्यावर केलेला दुसरा. बरोबर दोन वर्षांपूर्वी, म्हणजे १० जून १९४२ रोजी, प्राग शहराजवळील लिदिचे या खेड्यात हेच उघडपणे करण्यात आले होते. तेथे १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या, स्त्रियांना छळछावणीत धाडले, घरे जाळून भुईसपाट केली आणि स्मशानातील थडगीही उखडून टाकली. लिदिचे हे नावच पृथ्वीवर राहू नये, असा तो बेत होता. झाले मात्र उलट. दूरच्या मेक्सिकोतील एका वस्तीने लिदिचेचे नाव स्वतःस जोडून घेतले, आणि इतरही देशांत तसेच घडले. नाव पुसण्याच्या कृत्याला लोकांनी नाव धारण करून उत्तर दिले. गावाच्या स्मारकाचे खरे काम यावरून ध्यानात येते. जे पुसावयाचे ठरले होते, ते परत लिहिणे, हे ते काम होय.

युद्ध संपण्यापूर्वीच, मार्च १९४५ मध्ये, जनरल द गॉल यांनी ओरादूरला भेट दिली. गावाचे अवशेष जसेच्या तसे राखावेत आणि नवे गाव शेजारी वसवावे, असा निर्णय झाला. १९४६ साली कायद्याने अवशेषांना संरक्षण मिळाले. १० जून १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष ओरिओल यांनी नव्या गावाचा पाया घातला. तेव्हापासून जुने व नवे अशी दोन ओरादूर गावे समोरासमोर आहेत. नव्या गावात कित्येक वर्षे नाचगाणे व उत्सव वर्ज्य होते. जे मूल त्या सुतकात जन्मले, त्याच्या बालपणाचे काय, असा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. मृतांचे स्मरण हे जिवंतांवरील ओझेही असते, हे स्मारक उभारणाऱ्याने विसरू नये.

जुन्या गावाच्या प्रवेशद्वारापाशी, स्मरण ठेवा, एवढ्याच अर्थाची पाटी आहे. आत गेल्यावर ट्रामचे रूळ आहेत, गंजून गेलेली मोटार आहे, भिंतीशी पडलेली शिवणयंत्रे आहेत, चर्चमध्ये वितळून गोळा झालेली घंटा आहे. तथापि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या घरांवरील लहान लहान पाट्या. छप्पर नसलेल्या एकेका घरावर पाटी आहे: येथे अमुक राहत असे, तो न्हावी होता, येथे अमुक राहत असे, तो लोहार होता. त्या पाटीवर ना विशेषण, ना वीरश्री. वाचणाऱ्याला कळते की येथे कोणी लाकूड रंधत होते, कोणी पाव भाजत होते. ६४२ हा आकडा ऐकून मनुष्य गप्प होतो. शिंप्याची पाटी वाचून त्याला आपल्या गल्लीतील शिंपी आठवतो. आठवण सुरू होते ती तेथे.

आपल्या महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरांनी वीराला स्वर्गी नेणे, त्याहून वर शिवपूजन, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर ही कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. चंद्रसूर्य आजही आहेत, शिळाही आहे. परंतु बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. त्यामुळे तो वीर कोण, कोणाचा मुलगा, कोणासाठी पडला, हे आज गावात कोणी सांगू शकत नाही. शेंदूर लावला जातो, नारळ फुटतो, आणि नाव गेलेले असते. त्या कारागिरांना मी दोष देत नाही. त्या काळी गावाला ते नाव पाठ असेल. पण पाठ असलेले विसरले जाते, हे शाळामास्तराइतके कोणाला ठाऊक असणार!

आता, मारणाऱ्यांची नावे लिहावीत काय, या प्रश्नाकडे वळू. १९५३ च्या आरंभी बोर्दो येथे खटला चालला. आरोपी २१ होते. त्यांपैकी ७ जर्मन आणि १४ अल्सास प्रांतातील, म्हणजे फ्रेंचच. हिटलरच्या राजवटीने अल्सास गिळंकृत करून तेथील तरुणांना सक्तीने सैन्यात ओढले होते. या चौदांतील एक तेवढा आपखुशीने गेलेला, बाकीचे सक्तीचे. त्यांना शिक्षा झाल्या, तोच अल्सासमधून आक्रोश उठला की आमची मुले स्वतःच बळी आहेत. फ्रेंच कायदेमंडळाने ३१९ विरुद्ध २११ मतांनी सक्तीच्या सैनिकांना माफी दिली. ओरादूरच्या काळजाला ही दुसरी आग लागली. गावाने सरकारने दिलेले सन्मान परत केले. आपल्या माणसांची राख सरकारने बांधलेल्या भुयारी स्मारकात ठेवण्यास नकार देऊन ती स्वतःच्या स्मशानात ठेवली. सरकारी स्मारक बरीच वर्षे रिते राहिले. पुढे तेथे अवशेषांत सापडलेली थांबलेली घड्याळे, चष्मे, खेळणी अशा वस्तू मांडण्यात आल्या. आणि गावकऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. माफीच्या बाजूने मत देणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या नावांचे फलक अवशेषांच्या दाराशी उभे केले.

तो राग अन्यायाचा होता, असे म्हणण्याची माझी छाती नाही. ज्याची मुले चर्चमध्ये जळाली, त्याला शांतपणाचा उपदेश करण्याचा अधिकार मला कोठून येणार? परंतु १९६० नंतरच्या दशकात ते फलक गावाने काढून घेतले. न्हाव्याची पाटी मात्र राहिली. अपराध्यांची नावे न्यायालयाच्या निवाड्यात व इतिहासाच्या ग्रंथांत अवश्य असावीत. ती झाकणे म्हणजे खोटे बोलणे होय. तथापि गावाच्या दारावरील जागा थोडी असते, आणि ती ज्यांचे गाव होते त्यांची आहे, असे मला वाटते. त्या गावानेही, मला दिसते ते, शेवटी तसेच केले.

आता हजेरीपटाकडे परत येऊ. २०२० साली एकाच वर्षात त्या गावाच्या लेखावर दोन वेगवेगळे हात पडले. तेथे १९९९ साली उघडलेले एक स्मृतिकेंद्र आहे. ऑगस्ट महिन्यात कोणी रात्री त्याच्या भिंतीवरील, हुतात्मा गाव, या शब्दांतील 'हुतात्मा' शब्दावर रंग फासला आणि 'खोटारडे' असे खरडले. शिपाई ज्या कामासाठी १९४४ साली परत आले होते, तेच हे काम; केवळ आगीच्या जागी रंगाचा डबा. आणि त्याच वर्षी असे जाहीर झाले की मृतांची संख्या ६४२ नसून ६४३ आहे. स्पेनमधील एका संशोधकाने जुने कागदपत्र चाळताना रामोना दोमिंगेझ खिल या वयस्कर निर्वासित स्त्रीचे नाव शोधून काढले होते. यादवी युद्धातून कुटुंबासह जीव वाचवून ती ओरादूरला आली होती. कुटुंबातील इतरांची नावे यादीत होती. हिचे तेवढे सुटून गेले होते. शहात्तर वर्षे वार्षिक दिनी पुष्पचक्रे वाहिली गेली, भाषणे झाली, राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले. आणि एक म्हातारी मागच्या बाकावर बसून राहिली होती.

कोणी म्हणेल, ६४२ काय आणि ६४३ काय, त्या कृत्याच्या घोरपणात त्याने काय फरक पडला? कृत्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो स्मारकाच्या खरेपणात. गावाला खोटारडे म्हणणाऱ्याला आरडाओरड्याने गप्प बसविता येत नाही. त्याच्यापुढे ठेवावी लागते ती चोख यादी, नावानिशी व धंद्यानिशी. आणि जी यादी स्वतःची चूक शहात्तर वर्षांनीही सुधारते, तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवावा, हे उचितच होय. दगडावर कोरलेले म्हणजे पुरे झालेले, ही समजूत सोडून द्यावी. स्मारकाच्या पायाशी एखादी ओळ मोकळी राखलेली असावी.

आता आणखी एक अडचण त्या गावापुढे उभी आहे. अवशेष हे काही दगडी किल्ल्याच्या तटासारखे बांधलेले नव्हेत. ती सामान्य माणसांची जळकी घरे. ऊन, पाऊस व हिम यांनी त्यांच्या भिंती ढासळत आहेत. त्या सावरण्यासाठी अलीकडे पैसा गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. पडक्या घराची डागडुजी करावयाची, पण ते पडकेच राखावयाचे, असे हे विलक्षण गवंडीकाम आहे. त्यातच, कोठारातून वाचलेल्या पाच जणांपैकी शेवटचे रोबेर एब्रास ११ फेब्रुवारी २०२३ रोजी वारले. घटनेच्या दिवशी ते अठरा वर्षांचे होते. मित्रांच्या प्रेतांखाली दडून ते वाचले. आई व दोन बहिणी चर्चमध्ये गेल्या. पुढील आयुष्यात शाळांतील मुलांना ते ही हकीकत सांगत राहिले. सप्टेंबर २०१३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गाउक प्रथमच त्या गावी आले, तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांच्यासह त्यांना अवशेषांतून हिंडविणारे एब्रासच होते. एका बाजूने फ्रान्सचा व दुसऱ्या बाजूने जर्मनीचा हात धरलेला तो वृद्ध माणूस जगाने छायाचित्रात पाहिला. १० जून २०२४ रोजी घटनेला ऐंशी वर्षे झाली. दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष पुन्हा तेथे उभे राहिले. या खेपेस हात धरावयाला एब्रास नव्हते. यापुढे साक्ष द्यावयाची ती पाट्यांनीच.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी कधी एखाद्या गावाच्या, शाळेच्या किंवा वाड्याच्या स्मारकासाठी पैसे देईल, कोणी त्याच्या समितीवर बसेल, कोणाला त्यावरील मजकूर लिहावयास सांगतील. अशा वेळी मोठे शब्द सहज सुचतात, कारण त्यांना शोध घ्यावा लागत नाही. नावे मिळविण्यासाठी मात्र दारोदार हिंडावे लागते, जुन्या वह्या उलगडाव्या लागतात, म्हाताऱ्यांपाशी बसावे लागते. माझी आपणांस एवढीच विनंती आहे की, तो श्रम टाळू नये. आकडा अवश्य कोरावा. पण आकडा कोरण्यापूर्वी एकदा सर्वांची नावे मोठ्याने वाचून पाहावीत आणि मागच्या बाकावरून कोणी उठून उभे राहते काय, याची क्षणभर वाट पाहावी.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे नाव मी दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी पुकारले. "हजर," असे त्याने ठणकावून उत्तर दिले. ओरादूरच्या मुलांची नावे त्या गावच्या स्मशानातील शिळांवर कोरलेली आहेत. ती कोणी वाचली, तर त्यांच्या वतीने उत्तर देण्याचे काम वाचणाऱ्याकडेच येते.